टॉरी पाइन्सचा गाय फ्लेमिंग ट्रेल: पहिल्यांदा जाताय तर हे वाचून जा

सॅन डिएगोत नवीन आलेल्या माणसाला, मग तो यूसीएसडी या इथल्या विद्यापीठात शिकायला आलेला असो की नोकरीसाठी, पहिल्या महिन्याभरात कोणीतरी सांगतंच की समुद्रकाठच्या कड्यांवरच्या टॉरी पाइन्स पार्कला जाऊन या. लोक जातात, खाली बीचवर फिरतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि घरी येतात, पण ज्या झाडांसाठी ही सगळी जागा राखून ठेवलीय ती झाडं बघायची राहूनच जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण टॉरी पाइन हे झाड जगात आपणहून फक्त दोन ठिकाणी उगवतं. एक इथे, सॅन डिएगो आणि डेल मारच्या या छोट्याशा किनारपट्टीवर, आणि दुसरं इथून साधारण 280 किलोमीटर लांब सांता रोझा नावाच्या बेटावर. बस, तिसरी जागा नाही.

ही झाडं जवळून बघायला सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे गाय फ्लेमिंग ट्रेल. दोन तृतीयांश मैलाचा लूप आहे, म्हणजे किलोमीटरपेक्षा थोडासा जास्त, बराचसा सपाट, मध्ये काही पायऱ्या आहेत तेवढ्याच. भरभर चाललात तर अर्ध्या तासात संपतो, पण भरभर चालू नका, तासभर हाताशी ठेवा. ज्यांनी आयुष्यात कधी ट्रेक केलेला नाही, ज्यांचे आई-बाबा भारतातून आलेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना कुठे न्यावं हा प्रश्न पडलाय, किंवा घरात पाच-सहा वर्षांचं पोर आहे, त्यांच्यासाठी हा ट्रेल एकदम बेस्ट. स्ट्रोलर मात्र नेऊ नका, वाट वाळूची आहे आणि पायऱ्यांवर उचलून न्यावा लागतो. व्हीलचेअरसाठीही ही वाट नाही.

कधी जायचं

मे आणि जून टाळता आले तर टाळा. या दोन महिन्यांत इथल्या किनाऱ्यावर सकाळी ढगांचा जाड थर बसतो, कधी दुपारी उघडतं, कधी दिवसभर उघडतच नाही, आणि समुद्राचा व्ह्यू म्हणून नुसतं करडं करडं दिसतं. ज्यांना झाडंच बघायची आहेत त्यांनी मात्र अशा एखाद्या धुक्याच्या सकाळी मुद्दाम जावं असं मी म्हणेन, त्याचं कारण पुढे येतंय.

हिवाळा मला सगळ्यात आवडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ असते, ऊन बोचत नाही, आणि याच काळात ग्रे व्हेल अलास्काकडून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांकडे पिल्लं द्यायला जातात, त्या इथून किनाऱ्याजवळून पास होतात. फेब्रुवारीनंतर एप्रिलपर्यंत त्या पिल्लांना घेऊन परत उत्तरेला निघतात. मार्च-एप्रिलमध्ये पाऊस बरा झाला असेल तर रानफुलं असतात, त्यातलं सी डॅलिया नावाचं पिवळं धम्मक फूल कड्यांच्या कडेने फुलतं, ते चुकवू नका. मोठा पाऊस होऊन गेल्यावर एक-दोन दिवस थांबा आणि निघायच्या आधी पार्कच्या साइटवर ट्रेल चालू आहेत ना ते बघून घ्या. ओला वाळूचा दगड फार पटकन ढासळतो.

वेळ म्हणाल तर गेट सकाळी सव्वासातला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. वीकेंडला जाणार असाल तर सरळ सव्वासात-आठला पोचा. दहानंतर पार्किंगसाठी जी रांग लागते ना, त्यात अर्धा उत्साह गाडीतच संपतो.

पोचायचं कसं, गाडी कुठे लावायची

डाउनटाउनहून आय-5 फ्रीवेने उत्तरेला निघायचं, कार्मेल व्हॅली रोडचा एक्झिट घ्यायचा आणि पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे वळायचं. ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास पुरतो. रस्ता खाडीच्या कडेकडेने जातो, शेवटी कोस्ट हायवे लागतो, तिथे डावीकडे वळा. मग उजवीकडे समुद्र, डावीकडे लॉस पेन्यास्कितोस लॅगून, आणि समोर चढ दिसायला लागतो. तो चढ सुरू व्हायच्या आधीच उजव्या हाताला साउथ बीचचं गेट आहे. हे गेट चुकलं की तुम्ही थेट वर गोल्फ कोर्सकडे जाता, मग फिरून यावं लागतं, त्यामुळे उजव्या लेनमध्ये हळू राहा.

गेटवर गाडीचे पैसे घेतात. दर दिवसाप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतो, वीकेंडला आणि उन्हाळ्यात जास्त असतो. पैसे भरले की दोन पर्याय आहेत. एक, खालच्या लॉटमध्ये गाडी लावून डांबरी रस्त्याने चालत वर जायचं. हा रस्ता म्हणजे जुना हायवे, 1915 च्या सुमाराचा, आणि चढ चांगलाच आहे, ट्रेलच्या सुरुवातीपर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि दम लागतो. दोन, गाडी वरपर्यंत न्यायची. बरोबर आई-बाबा असतील तर दुसराच पर्याय घ्या, नाहीतर सोपा ट्रेल म्हणून आणलंत आणि ट्रेल यायच्या आधीच ते दमले असं होईल. वर गाय फ्लेमिंग ट्रेलपाशी रस्त्याच्या कडेला गाड्यांना थोडीशीच जागा आहे, ती भरलेली असली तर आणखी वर लॉजपाशी, म्हणजे व्हिजिटर सेंटरपाशी, लॉट आहे, तिथे गाडी लावून उतरत खाली यायचं. किंवा मंडळींना ट्रेलपाशी उतरवा आणि एकाने गाडी लावून यावं.

पैसे वाचवायचे असतील तर कोस्ट हायवेच्या कडेला फुकट पार्किंग असतं, चालत आत जाणाऱ्याला तिकीट नाही. स्टुडंट मंडळी हेच करतात. गाडीच नसेल तर यूटीसी मॉलहून ओशनसाइडकडे जाणारी 101 नंबरची बस कोस्ट हायवेने जाते, बीचजवळ उतरता येतं, फक्त वीकेंडचं टाइमटेबल आधी बघून निघा.

बरोबर काय घ्यायचं, काय नाही

आपल्या लोकांना हे आधी सांगावं लागतं: डबा वर न्यायचा नाही. पार्कच्या वरच्या भागात पाण्याशिवाय काहीही खायला-प्यायला बंदी आहे, चिवड्याची पुडी नाही, थर्मासमधला चहा पण नाही. कडक वाटेल पण याला कारण आहे, सांडलेल्या खाण्याची चटक लागली की खारी, कावळे वाढतात आणि बाकीच्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात, झुडपांमधलं सगळं गणित बिघडतं. खाणं खाली बीचवर चालतं. डबा गाडीत राहू द्या, ट्रेल झाल्यावर खाली वाळूत बसून निवांत खा.

पाणी प्रत्येकाचं वेगळं घ्या, ट्रेलवर नळ नाही. टोपी, सनस्क्रीन, आणि एक पातळ जॅकेट, कारण कड्यावर वारं गार असतं, भर उन्हाळ्यातसुद्धा. पायात साधे स्पोर्ट्स शूज पुरतात. आई साडीत असेल तरी काही अडत नाही, पण चप्पल नको, वाळूवरून पाय सरकतो. दुर्बीण असेल तर नक्की घ्या. कुत्र्याला न्यायला पूर्ण बंदी आहे, गाडीत ठेवलेलाही चालत नाही. ड्रोन उडवायला बंदी, सिगारेटला बंदी.

टॉयलेट खालच्या लॉटपाशी आणि वर लॉजपाशी आहे, ट्रेलवर नाही. लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी असतील तर आधीच जाऊन या.

ट्रेलवर काय बघायचं

रस्त्याकडून आत शिरलात की थोड्याच अंतरावर वाट दोन बाजूंना फुटते. लूप आहे त्यामुळे कुठूनही गेलात तरी परत इथेच येणार. मी उजवीकडून जाते, म्हणजे आधी उत्तरेचा ओव्हरलुक, म्हणजे उंचावरून व्ह्यू बघायची जागा, लागतो आणि मोकळ्या समुद्राचा मोठा व्ह्यू नंतर येतो.

पहिल्या मोठ्या झाडापाशी थांबा. खाली सुया पडलेल्या असतात, त्यातला एक झुपका वाकून नीट बघा. मुळाशी पाच सुया एकत्र धरलेल्या दिसतील, बाहेरून एक बारीकसं तपकिरी आवरण. लांबी वीतभर तर नक्कीच, बरेचदा त्याहून जास्त, 20 ते 30 सेंटिमीटर. पाइनच्या मानाने या फार लांब सुया आहेत आणि बोटांत फिरवल्यात तर चांगल्या जाडजूड, खरखरीत लागतात. आता विचार करा, सॅन डिएगोला वर्षाकाठी पाऊस पडतो साधारण 250 मिलिमीटर, पुण्याला पडतो त्याच्या निम्म्याहून कमी, आणि तोही हिवाळ्यातल्या चार महिन्यांत. उन्हाळा पूर्ण कोरडा. एवढ्याशा पाण्यावर एवढं मोठं झाड वाळूच्या कड्यावर उभं राहतं त्यात धुक्याचा मोठा हात आहे. समुद्रावरून धुकं येतं, या लांब सुयांवर थेंब धरतात, सुईच्या टोकाकडे घरंगळत येतात आणि खाली मुळांवर टपकतात. म्हणून म्हटलं की धुक्याच्या सकाळी या. बाकी वाट कोरडी असते आणि झाडाखालची तेवढी जमीन ओली. हे डोळ्यांनी बघितलं की मग झाड इथेच का उगवतं ते सांगावं लागत नाही.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे शंकू. चांगला मुठीपेक्षा मोठा, जड, आणि पिकायला तीन वर्षं घेतो. आतल्या बिया मोठ्या, टणक कवचाच्या, आपण चिलगोजे खातो त्याच जातकुळीतल्या. इथले मूळ रहिवासी कुमयाय लोक पिढ्यान्‌पिढ्या या बिया खात आलेत. तुम्ही मात्र शंकू उचलायचा नाही, बी पण नाही, खाली पडलेलं असलं तरी. गणपतीच्या डेकोरेशनला छान दिसेल असं वाटतं हे मला माहितीये, पण नियम स्पष्ट आहे आणि बरोबर आहे, पुढचं झाड त्याच बीतून यायचंय.

झाडांचा आकार बघा. कड्याच्या टोकाकडची झाडं बुटकी, वाकडी, समुद्राकडे पाठ करून जमिनीकडे कललेली असतात, कारण खाऱ्या वाऱ्याने त्या बाजूचे कोंब जळतात आणि फांद्या फक्त दुसऱ्या बाजूने वाढतात. आत खोलगटात, जिथे वारा कमी आणि ओल जास्त, तिथे तीच जात उंच आणि सरळ. बागेत लावून पाणी घातलं तर शंभर फुटांपर्यंतही जाते.

या झाडाला नाव मिळालं 1850 मध्ये. चार्ल्स पॅरी नावाचा डॉक्टर-वनस्पतितज्ज्ञ अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीच्या सर्व्हेवर आला होता, त्याने ही झाडं वेगळी आहेत हे ओळखलं आणि आपले गुरू जॉन टॉरी यांचं नाव दिलं. टॉरी स्वतः न्यूयॉर्कमध्ये असायचे. नंतर लोक सरपणासाठी झाडं तोडायला लागले, तेव्हा 1885 मध्ये काउंटीने झाडाला इजा करणाऱ्याला पकडून देणाऱ्यास 100 डॉलरचं बक्षीस लावलं, त्या काळात ही काही लहान रक्कम नव्हती. 1899 मध्ये शहराने जमीन पार्क म्हणून राखली. आजूबाजूची झाडं खाजगी जमिनीवर होती, ती जमीन एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स या वृत्तपत्र व्यवसायातल्या बाईंनी स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन लोकांसाठी देऊन टाकली. खाली ला होयाला जी समुद्रविज्ञानाची स्क्रिप्स संस्था आहे तिच्यामागेही याच बाईंचे पैसे. आणि गाय फ्लेमिंग म्हणजे 1921 मध्ये त्यांनी आणि शहराने मिळून नेमलेला इथला रखवालदार, ज्याने पुढे अख्खं आयुष्य अशा जागा वाचवण्यात घातलं. तुम्ही चालताय ती वाट त्याच्या नावाची आहे.

चालताना फांदीवर किंवा खांबावर काळ्या प्लास्टिकच्या नरसाळ्यांची एकाखाली एक लावलेली माळ लटकलेली दिसली तर लहान मुलांना नक्की दाखवा. तो सापळा आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी इथे दुष्काळ पडला, वादळाने झाडं पाडली, त्या पडलेल्या झाडांमध्ये खोडाची साल पोखरणारा भुंगेरा वाढला आणि मग त्याने उभ्या झाडांवर हल्ला केला, शेकडो झाडं मेली. भुंगेऱ्यांच्या स्वतःच्या वासाचं आमिष लावून त्यांना या नरसाळ्यांमध्ये ओढायची युक्ती केली आणि साथ आटोक्यात आली. या झाडांच्या बाबतीत भीती जास्त आहे कारण जनुकीय तपासणीत इथल्या झाडांमध्ये एकमेकांत फरक जवळजवळ सापडलाच नाही. सगळी इतकी सारखी की जो रोग एकाला मारेल तो सगळ्यांना मारू शकतो. खूप कोरडी वर्षं गेली की वाटेवर वाळलेली, करडी पडलेली झाडं दिसतात. ती तशीच उभी ठेवतात, सुतारपक्षी आणि घुबडं त्यांच्या ढोलीत राहतात.

उत्तरेच्या ओव्हरलुकवरून खाली लॅगून दिसतं, त्याच्या कडेने जाणारी रेल्वे लाइन, पलीकडे डेल मार. वेळ जमली तर कोस्टर ट्रेन लॅगूनच्या कडेने जाताना दिसते, मुलं खूश होतात. इथून पुढे वाट कड्याच्या बाजूने दक्षिणेकडे वळते. हा तुकडा सगळ्यात सुंदर आहे, हळू चाला. वाळूच्या दगडात वाऱ्याने आणि पावसाने जाळीदार पोकळ्या कोरल्यात, खालचा दगड फिका पिवळा आणि वर तांबूस थर, तो तांबूसपणा लोहाचा. हा खालचा दगड साधारण 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीच्या किनाऱ्याची वाळू आहे. नखाने ओरखडा काढला तरी निघतो इतका तो मऊ आहे, आणि म्हणूनच लोकांनी त्यावर नावं कोरून ठेवलेली दिसतात, मराठी नाव दिसू नये एवढीच माझी कळकळीची विनंती. सावलीच्या उतारांवर नेचे आहेत, उन्हात सेज, युका, निवडुंग. सेजचं पान न तोडता हलकं चोळून बोटांचा वास घ्या.

दक्षिणेच्या ओव्हरलुकवर जरा बसा. समोर नुसता पॅसिफिक. हवा एकदम स्वच्छ असेल तर क्षितिजावर कॅटालिना आणि सॅन क्लेमेंटे ही बेटं दिसतात. व्हेल बघायची तर सगळ्या समुद्रावर नजर फिरवत बसू नका, एका पट्ट्यावर ठेवा आणि पाण्यावर पांढरा फवारा उडतोय का ते बघा, फवारा दिसला की मग दुर्बीण लावा. डॉल्फिन जवळ, लाटांच्या मागेच असतात आणि वर्षभर दिसतात. तपकिरी पेलिकन डोळ्यांच्या पातळीवरून रांगेने जातात. कड्यांमध्ये बहिरी ससाणा घरटं करतो, तो वरून झेप घेतो ते नशिबाने दिसतं.

सेफ्टीचं सांगते, हे मनावर घ्या. दोराच्या किंवा कठड्याच्या पलीकडे एक पाऊलसुद्धा टाकू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. वरून घट्ट दिसणारी कड खालून पोखरलेली असते, सूचना न देता तुटते. शिवाय वाट सोडून चाललं की झाडांच्या उथळ मुळांवरची वाळू घसरते आणि तिथे नवीन रोप धरत नाही. उन्हाळ्यात रॅटलस्नेक हा विषारी साप वाटेवर ऊन खात पडलेला असू शकतो, त्याला लांबून जाऊ द्या, झुडपात हात घालू नका, मुलांना पुढे पळू देऊ नका.

लूप संपल्यावर

ताकद असेल तर वर लॉजपर्यंत जा. 1923 मध्ये उघडलेली मातीच्या विटांची इमारत आहे, तेव्हा रेस्टॉरंट होतं, आता व्हिजिटर सेंटर आहे. आत इथले प्राणी-पक्षी, शंकू, बिया सगळं मांडून ठेवलंय, हातात धरून बघता येतील असे शंकूही असतात. वीकेंडला आणि सुट्टीच्या दिवशी इथून व्हॉलंटियर लोकांना फुकट फिरवून माहिती देतात, सकाळी दहा आणि दुपारी दोनला, इंग्रजी समजत असेल तर आई-बाबांनाही आवडेल. शेजारच्या स्थानिक झाडांच्या बागेत पाट्या आहेत, ट्रेलवर बघितलेल्या झुडपांची नावं तिथे कळतात.

ज्यांचे पाय अजून चालतायत त्यांनी रेझर पॉइंट हा ट्रेल करावा. बीच ट्रेलने खाली उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने पार्किंगला परत येता येतं, पण त्यासाठी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघायलाच हवं, भरतीला पाणी थेट कड्याला लागतं आणि मध्ये अडकायला होतं. आई-बाबांना या वाटेने नेऊ नका, आणि पॅरी ग्रोव्ह ट्रेललाही नको, तिथे शंभराच्या वर पायऱ्या आहेत.

डबा खायला खाली बीचवर आलात की चटई कड्याच्या सावलीत टाकायचा मोह होतो. तिथे टाकू नका, तिथेच दगड कोसळतात. पाण्याच्या बाजूला मोकळ्यावर बसा, आणि निघताना सगळा कचरा पिशवीत भरून गाडीत घ्या.